मदत हवी आहे: तान्हेपणी हृदय प्रत्यारोपण, आता उंची वाढत नाही

आमच्या मुलीचं हृदय प्रत्यारोपण ती ५ महिन्यांची असताना झालं. आता ती साडेचार वर्षांची आहे. हृदय उत्तम चाललंय. इको आणि बायोप्सीत रिजेक्शनची (शरीराने नवं हृदय नाकारण्याची) चिन्हं नाहीत. वजन वयाच्या मानाने ठीक आहे, पण उंची तिसऱ्या पर्सेंटाइलच्या खाली आहे (म्हणजे तिच्या वयाच्या शंभरातल्या साधारण ९७ मुली तिच्याहून उंच) आणि गेलं वर्षभर फारशी सरकलेली नाही.

आधीच सांगते, म्हणजे तेच प्रश्न परत यायला नकोत: उंची रोखू शकणारं स्टेरॉइड केव्हाच बंद झालंय. सध्या टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट (रिजेक्शन होऊ नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं) चालू आहे. थायरॉइड, सिलिअॅक (ग्लुटेन न सोसण्याचा आजार), ड जीवनसत्त्व, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) सगळं नॉर्मल. मनगटाच्या एक्स-रेत हाडांचं वय मागे आहे. आम्ही दोघं आईवडील मध्यम उंचीचे. आहारतज्ज्ञांनी वाढवून दिलेल्या कॅलरींनी वजन वाढलं, उंची नाही. बोलणंही उशिरा आलं, पण श्रवणचाचणी चांगली आहे आणि स्पीच थेरपीने खूप फरक पडतोय, त्यामुळे त्याची तितकी काळजी वाटत नाही.

अडलंय ते इथे: हार्मोनतज्ज्ञ ग्रोथ हार्मोनचा विचार करा म्हणतात, हृदयाच्या डॉक्टरांना प्रतिकारशक्ती चाळवली जाण्याची भीती वाटते, म्हणून थांबा म्हणतात. किडनी प्रत्यारोपण झालेल्या मुलांना ते देतात हे माहीत आहे. निर्णय डॉक्टरांबरोबरच घेणार, घरगुती उपाय किंवा पूरक पावडरी कृपया सुचवू नका. टॅक्रोलिमसची पातळी कशानेही हलते.

तान्हेपणी हृदय बदललेल्या कुणाच्या मुलाला ग्रोथ हार्मोन दिलंय का? कोणत्या वयात, आणि त्या काळात रिजेक्शनवर लक्ष कसं ठेवलं? की स्टेरॉइड थांबल्यावर उंचीने उशिरा का होईना, आपोआप वेग घेतला?