मदत हवी आहे: चंद्रावर उतरण्याचा गेम, यान तिरकं झालं की आपटतं

आठवीतल्या भाचीसोबत स्क्रॅचमध्ये (मुलांसाठीची कोडिंगची भाषा) चंद्रावर यान उतरवण्याचा गेम करतोय. शनिवारी मुलुंडला तिच्या शाळेत प्रदर्शन आहे. दोन प्रकार ठेवलेत: चांद्रयान-३ सारखं पूर्ण स्वयंचलित आणि माणसाच्या हातचं.

स्वयंचलित दर वेळी नीट उतरतं. हाताने मात्र घरातल्या सगळ्यांनी आपटलं, कारण इंजिनाचा जोर आणि यानाचा कल दोन्ही आपणच सांभाळायचे. १९६९ मध्ये आर्मस्ट्राँग यांनीही शेवटी एवढं अंगावर घेतलं नव्हतं! दांड्याने कल बदलायचा, खटक्याच्या एकेका टिचकीने उतरण्याचा वेग सेकंदाला १ फुटाने कमी-जास्त करायचा. जोर किती लावायचा ते संगणक बघे.

आम्हीही तसंच केलं. चंद्राचं गुरुत्वाकर्षण १.६२ मी/से² धरलंय, जळलेल्या इंधनाचं वजनही वजा होतंय (तपासलंय). सरळ असताना जोर वजनाइतका ठेवला की वेग टिकतो, पण ३० अंश कललं की यान खाली घसरतं. जोर सरसकट वाढवला तर सरळ झाल्यावर वर उडतं.

तर कलानुसार जोर नेमका किती वाढवायचा? आणि कोसाइन न शिकलेल्या मुलीला परीक्षकांपुढे ते कसं समजावता येईल?