मदत हवी आहे: ताप, डोकेदुखी आणि मान आखडली आहे. मेंदूज्वर घरी कसा ओळखायचा?

घडियाळी_पोळ (रात्री ९.४०)
लवकर उत्तर हवंय. ताप आहे, डोकं फुटतंय, मान आखडली आहे. संध्याकाळपासून नेटवर वाचतोय, सगळीकडे मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूज्वराची, म्हणून हीच लक्षणं दिली आहेत. हनुवटी छातीला लागते, पण मागून जोरात ओढ बसते. ट्यूबलाइट सहन होत नाही. अंगावरचे डाग काचेचा ग्लास दाबून फिकटतात का ते बघायची टेस्टपण केली. मेंदूज्वर आहे की नाही हे घरच्या घरी खात्रीने कसं कळेल तेवढंच सांगा. "डॉक्टरकडे जा" हे मलाही कळतं, ते सोडून सांगा.

ऋतुगंध (९.४६)
ताप किती? थर्मामीटर लावला की हाताने बघितला? कधीपासून आहे? पेशंट तुम्ही स्वतः की घरातलं लहान मूल? वय लिहिल्याशिवाय कोण काय सांगणार?

चिंतामणी७७ (९.५०)
अहो, नवरात्र चालू आहे. अर्धं बडोदं सध्या असंच तापाने फणफणलंय. रात्री उशिरापर्यंत गरबा, मग लारीवरचं सेव-उसळ, झोपेचं खोबरं. आलं-तुळस-मिरीचा काढा घ्या, तळपायाला काशाच्या वाटीने तूप चोळा. सकाळी उठून बसाल. नेट बंद करा आधी.

लॅबवाला_काका (९.५५)
काढा प्यायला कुणाची ना नाही, चिंतामणी. पण ताप आणि आखडलेली मान एकत्र असताना काढ्याच्या भरवशावर रात्र काढायची नसते. घडियाळी पोळ, ऋतुगंधताईंनी विचारलंय त्याचं उत्तर दे. आणि आतापर्यंत कोणकोणत्या गोळ्या घेतल्यास तेही लिही.

घडियाळी_पोळ (१०.०२)
पेशंट मीच, वय २६. ताप परवापासून. १०२ होता, गोळी घेतली की उतरतो, परत चढतो. कॉम्बिफ्लाम घेतोय. सकाळी घरात उरलेली ऍझिथ्रोमायसीन घेतली. गरब्याला रोज जात होतो, पण त्याचा इथे काय संबंध? कोपऱ्यावरच्या दवाखान्यात दाखवलं, त्यांनी मानेला हातसुद्धा न लावता व्हायरल म्हणून सांगितलं. म्हणूनच इथे विचारतोय.

फिजिओ_मुक्ता (१०.०८)
गरब्याचा संबंध आहे. रोज तास-तास गिरक्या आणि वाकून टाळ्या, त्यात पाणी कमी, की मान आणि खांद्यामधले स्नायू दगड होतात. एक विचारते: दिवसभरात मान वाकवून किती वेळा बघितलीस?

घडियाळी_पोळ (१०.१०)
सारखीच बघतोय. दर पाच-दहा मिनिटांनी. लागते की नाही ते बघायला नको?

फिजिओ_मुक्ता (१०.१४)
नको. दुखऱ्या स्नायूला असं सारखं ताणलं की तो आणखी आखडतो, मग तुला वाटतं आजार वाढला, मग तू पुन्हा ताणतोस. मेंदूच्या आवरणाला सूज आली की मान पुढे वाकवताना अडते. स्नायूची मान बहुतेक वेळा डावी-उजवीकडे वळवतानाही कळ देते. पण हा फरक स्वतःची मान स्वतः वाकवून कळत नाही. तू आधीच घाबरून खांदे वर ओढून बसलेला असतोस. झोपवून, सैल सोडायला लावून दुसऱ्याने वाकवायची असते.

चिंतामणी७७ (१०.१६)
बघा, मी तेच म्हणत होतो. स्नायू आहेत. उगाच पोराला घाबरवू नका.

फिजिओ_मुक्ता (१०.१७)
मी असं अजिबात म्हटलेलं नाही, काका. गरब्याने मान दुखते, १०२ ताप येत नाही.

सुमन_कारेलीबाग (१०.२१)
माझ्या सासूबाईंना झाला होता. त्यांचं डोकं कित्येक आठवडे दुखत होतं, संध्याकाळी अंगात बारीक ताप, जेवण तुटलेलं. आम्ही चष्म्याचा नंबर बदलून आणला. मग एक दिवस त्या स्वयंपाकघरात उभ्या राहून गॅस कसा पेटवायचा म्हणून मला विचारायला लागल्या. टीबीचा मेंदूज्वर निघाला. वर्षभर गोळ्या चालल्या, आता ठणठणीत आहेत. छातीत टीबी नव्हता, खोकला नव्हता, त्यामुळे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. बाळा, तू टीबीची तपासणी करून घे.

ऋतुगंध (१०.२५)
सुमनताई, तो प्रकार आठवडेच्या आठवडे हळूहळू वाढतो. याचा ताप परवाचा आहे.

खानदेशी_बडोद्यात (१०.२८)
चांदीपुरा विषाणूचं कुणी बोललंच नाही! २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत केवढी साथ आली होती. नावच मुळी आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपूर गावावरून पडलंय, १९६५ मध्ये तिथल्या रुग्णांत हा विषाणू सापडला. वाळूमाशी चावून होतो. मातीच्या भिंतीच्या भेगा बुजवा, गोठा साफ ठेवा, झोपताना मच्छरदाणी लावा.

लॅबवाला_काका (१०.३३)
माहिती बरोबर आहे, पण तो मुख्यतः पंधरा वर्षांखालच्या मुलांचा आजार आहे, आणि त्यात मेंदूलाच सूज येते, झटके येतात, काही तासांत मूल शुद्ध हरपतं. हा पोळीत, म्हणजे शहरातल्या दाटीच्या गल्लीत, राहणारा २६ वर्षांचा मुलगा आहे. त्याला गोठा कुठला?

ऍझिथ्रोमायसीनबद्दल: आता आणखी घेऊ नकोस, आणि जिथे जाशील तिथे गोळीचं नाव आणि वेळ आधी सांग. जिवाणूचा संसर्ग असेल तर अर्धवट अँटिबायोटिकने तो बरा होत नाही, पण कल्चरमध्ये (नमुन्यातले जिवाणू वाढवून बघायच्या तपासणीत) जिवाणू वाढत नाहीत आणि कोणत्या जिवाणूशी गाठ आहे ते कळेनासं होतं.

सुमन_कारेलीबाग (१०.३६)
पण मेंदूज्वर तपासायला हॉस्पिटलात पाठीतून पाणी काढतात ना? त्याने कमरेखालचं शरीर लुळं पडतं म्हणतात. आमच्या नात्यात सासूबाईंच्या वेळी सगळे हेच सांगत होते, म्हणून आम्ही सही करायला खूप वेळ लावला.

लॅबवाला_काका (१०.४६)
सुमनताई, ही भीती मी नोकरीभर ऐकली, आणि तिच्यापायी झालेला उशीरही बघितला, म्हणून सविस्तर लिहितो. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या मध्ये जाते. तिथे नुसते मज्जातंतू पाण्यात तरंगत असतात. काही दिवस डोकं दुखू शकतं. लुळेपणाची भीती धरून नाही म्हणू नये. मेंदूत दाब वाढल्याची शंका असेल तर डॉक्टर आधी स्कॅन करून घेतात.

ते पाणी आमच्याकडे छोट्या नळ्यांमधून यायचं. मी पहिल्यांदा नळीच्या मागे छापील कागद धरायचो. निरोगी पाण्यातून अक्षरं लख्ख वाचता येतात. जिवाणूचा मेंदूज्वर असला की पाणी तांदळाच्या धुवणासारखं, अक्षरं पुसट. मग पेशी मोजायच्या, प्रथिनं आणि साखर बघायची, आणि ती साखर त्याच वेळच्या रक्तातल्या साखरेशी ताडून बघायची. जिवाणू आणि टीबीत ती घसरते, विषाणूच्या प्रकारात बहुधा टिकून राहते. नमुना फ्रीजमध्ये ठेवायचा नसतो, काही जिवाणू थंडीने मरतात. म्हणून नळी हातात घेऊन धावत येणारा वॉर्डबॉय आम्हाला देवासारखा वाटायचा. १८९१ मध्ये क्विंके नावाच्या जर्मन डॉक्टरने हे पाणी काढायची पद्धत रूढ केली, आणि आजही खात्री करायची तर याच पाण्यावर होते. खात्री घरी होत नाही, बाळा. ग्लासने तर नाहीच.

निवासी_वैद्य (१०.५२)
मी मेडिसिनला निवासी डॉक्टर आहे, बडोद्यात नाही. तीन प्रश्न. अंगावर पुरळ आहे का? उलटी झाली का? आणि मेंदूज्वराचंच का मनात आलं, आसपास कुणाला झालाय का?

घडियाळी_पोळ (१०.५५)
पुरळ नाही. उलटी दुपारी झाली एकदा. डोळ्यांच्या मागे ठणकतंय. ऑफिसात शेजारी बसणाऱ्याच्या मुलाला गेल्या आठवड्यात मेंदूज्वर म्हणून ॲडमिट केलं. तो मुलगा आयसीयूत आहे. तेव्हापासून मी वाचतोय, रात्री झोप नाही.

ऋतुगंध (१०.५६)
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं रे!

चिंतामणी७७ (१०.५८)
म्हणजे वाचून वाचून चढलेला ताप आहे. मनाचा खेळ.

निवासी_वैद्य (११.०९)
काळजीने छाती धडधडते, हात थरथरतात, मान-खांदे आखडतात, डोकंही दुखतं. काळजीने १०२ ताप येत नाही. याला काळजीही आहे आणि तापही आहे. एकाने दुसऱ्याला खोटं ठरवता येत नाही.

मित्रा, त्या मुलाला तू भेटला नाहीस, फक्त वडिलांशेजारी बसतोस, तर धोका फार कमी. प्रतिबंधक गोळी लागते ती मुख्यतः मेनिंगोकोकस या जिवाणूच्या मेंदूज्वराच्या रुग्णाच्या घरातल्यांना आणि अगदी निकट संपर्कातल्यांना. पण कोणता प्रकार आहे ते सहकाऱ्याला विचारून ठेव आणि तपासणाऱ्याला सांग.

आता तुझ्या खात्रीबद्दल. २००४ मध्ये नेदरलँड्समधल्या प्रौढ रुग्णांचा मोठा अभ्यास छापून आला. जिवाणूंचा मेंदूज्वर पक्का झालेल्यांपैकी ताप, ताठ मान आणि बदललेली शुद्ध ही तिन्ही लक्षणं फक्त ४४ टक्क्यांत होती. पण डोकेदुखी धरून या चारांपैकी निदान दोन ९५ टक्के लोकांत होती. तुझ्यात दोनाहून जास्त आहेत, म्हणून तपासून घ्यायलाच हवं. उलट बाजूने बघ: हीच लक्षणं डेंग्यूत, फ्लूत, साध्या तापात रोज शेकडो लोकांत दिसतात, म्हणून तुला मेंदूज्वरच आहे असंही ठरत नाही. ग्लासखाली न फिकटणारे डाग मेनिंगोकोकसमध्ये येतात, तेही सगळ्यांना नाही आणि पुष्कळदा उशिरा. सावळ्या त्वचेवर ते दिसणंही अवघड, तळहात, तळपाय, पापणीच्या आत बघावं लागतं. "डाग नाहीत म्हणजे मी सुटलो" असं मानून थांबू नकोस.

तू विचारतोयस "आहे की नाही". घरी बसून ठरवायचं ते एवढंच की आत्ता कुणी तपासायला हवं का. त्याचं उत्तर हो आहे. आज रात्रीच. जिवाणूचा असेल तर तासांचा हिशेब असतो, नसेल तर तुझी रात्र वाचेल.

चिंतामणी७७ (११.१२)
रात्री अकरा वाजता गरब्याच्या ट्रॅफिकमधून? सकाळी गेला तर काय बिघडणार?

लॅबवाला_काका (११.१४)
सकाळ ज्यांच्या नशिबी नव्हती असे नमुने मी तपासलेत, चिंतामणी. यावर मी आणखी वाद घालणार नाही. १०८ ला रस्ता मिळतो.

सुमन_कारेलीबाग (११.१५)
घरी कोण आहे तुझ्याबरोबर?

घडियाळी_पोळ (११.१७)
कुणी नाही. आई-बाबा तुळजापूरला गेलेत. त्यांना सांगितलेलं नाही, घाबरतील. दवाखान्यात गेलो आणि त्यांनी हसून परत पाठवलं तर?

सुमन_कारेलीबाग (११.२०)
हसले तर हसू देत, हसून परत पाठवलं म्हणजे चांगलीच बातमी. शेजारच्या काकांना उठव आत्ताच, त्यांच्याबरोबर जा, स्कूटर चालवू नकोस. दाराची कडी आतून लावून झोपू नकोस. माझं घर सयाजी हॉस्पिटलपासून लांब नाही, लागलं तर इथे लिही, माझा मुलगा येईल.

निवासी_वैद्य (११.२२)
जाताना फोनमध्ये लिहून ठेव: ताप कधीपासून, सगळ्यात जास्त किती, कोणती गोळी किती वाजता, उलटी, सहकाऱ्याचा मुलगा. आणि शेवटी एक वाक्य, "मला मेंदूज्वराची भीती वाटतेय, मान तपासाल का?" हे बोलायला संकोच नको. वाटेत बोलणं बरळल्यासारखं वाटलं, झापड आली, झटका आला, तर बरोबरच्याने थेट इमर्जन्सीत न्यायचं.

हंसा_न्यू_जर्सी (११.३०)
विषयाला धरूनच आहे म्हणून विचारते. माझी भाची पुढच्या वर्षी अमेरिकेत हॉस्टेलला येतेय, मेनिंगोकोकलची लस बडोद्यात मिळेल का?

लॅबवाला_काका (११.३६)
खासगीत मिळते. हजला जाणाऱ्यांना ती सक्तीचीच आहे. बालरोगतज्ज्ञ किंवा प्रवासाच्या लसी देणाऱ्यांकडे विचारा. लहान मुलांच्या पेंटाव्हॅलंट लसीत हिब जिवाणूची लस आहे आणि न्यूमोकोकलची लस सरकारी कार्यक्रमात आहे, पण ते वेगळे जिवाणू. त्या घेतल्या म्हणून ही झाली असं नाही. आता जरा पोराची बातमी येऊ द्या.

घडियाळी_पोळ (रात्री १.५२)
शेजारच्या काकांबरोबर जाऊन आलो. डॉक्टरीणबाईंनी आडवं झोपवलं, डोक्याखाली हात घातला, "सैल सोड, मी धरलंय" म्हणाल्या आणि मान हळूहळू वाकवली. छातीला लागली, अडली नाही. मग गुडघा दुमडून पाय सरळ केला. तारीख विचारली, पंतप्रधानांचं नाव विचारलं, टॉर्चने डोळे बघितले. कुणी हसलं नाही. रक्त घेतलं. डेंग्यूची एनएस१ चाचणी पॉझिटिव्ह, प्लेटलेट्स १ लाख १८ हजार. डेंग्यू. कॉम्बिफ्लाम बंद, कारण त्यातल्या आयबुप्रोफेनने रक्तस्राव वाढू शकतो. फक्त पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी, ओआरएस. पोटात जोरात दुखलं, हिरड्यांतून रक्त आलं, सारखी उलटी झाली किंवा ग्लानी आली तर लगेच परत यायचं. पाठीतून पाणी काढायची आज गरज नाही म्हणाल्या.

पण घरी येऊन परत शोधायला बसलोय, "डेंग्यू आणि मेनिंजायटिस एकत्र". थांबवता येत नाहीये.

ऋतुगंध (१.५८)
मी यातून गेलेय, माझा विषय हृदयाचा होता. छाती दाबून नाडी मोजायचे, रिपोर्ट चांगला आला की तासभर बरं, मग "या टेस्टमध्ये राहून जातं का" म्हणून नव्याने शोध. उत्तर मिळाल्याने शोध थांबत नाही, उलट शोधाची सवय लागते. माझ्या समुपदेशकांनी एक शिस्त लावली होती: प्रश्न कागदावर लिहायचे, ते फक्त डॉक्टरांनाच विचारायचे, आणि ताप-नाडी ठरलेल्या वेळीच मोजायची. तुझ्यासाठी: ताप चार तासांनी, मान अजिबात नाही. फोन शेजारच्या काकूंकडे दे. ताप उतरल्यावरही हे चालू राहिलं तर टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा, १४४१६. सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, आपल्या भाषेत बोलता येतं.

लॅबवाला_काका (२.०३)
आणि ताप उतरला म्हणजे डेंग्यू संपला असं धरू नकोस. उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच जपायचे असतात. सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) उद्या सकाळी पुन्हा कर, प्लेटलेट्सबरोबर हिमॅटोक्रिटही (रक्त किती घट्ट झालंय ते) बघायला सांग. आई-बाबांना आत्ता नाही तर सकाळी उजाडताच फोन कर.

घडियाळी_पोळ (सकाळी १०.३५)
सीबीसी दिला. ताप १०० आहे. आईला सांगितलं, दुपारच्या गाडीने निघतायत. त्या मुलाबद्दल सहकाऱ्याला विचारलं: विषाणूचा प्रकार निघाला, काल आयसीयूतून वॉर्डात आणलं. फोन काकूंकडेच होता, हे लिहायला मागून घेतलाय.