टी-टेस्टसाठी आकडे १२० धरायचे की १२? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एमएस्सी ॲग्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी सोयाबीनला गंधक देऊन पाहिलं. एकूण १२ वाफे. चिठ्ठ्या टाकून ६ वाफ्यांना गंधक दिलं, ६ तसेच ठेवले. काढणीला प्रत्येक वाफ्यातल्या १० झाडांच्या शेंगा मोजल्या, म्हणजे दोन्हीकडे ६०-६० आकडे.

शून्य गृहीतक साधं: गंधकाने शेंगांच्या सरासरीत फरक पडत नाही. १२० आकड्यांवर टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासऱ्यांची तुलना) लावली, पी (खरा फरक नसतानाही इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५च्या बराच खाली आला. फार आनंद झाला. मग एका सीनियर ताईने वाफ्यांच्या सरासऱ्या काढून पुन्हा करायला लावलं, तर पी ०.०५च्या वर! शेत तेच, झाडं तीच. दोन दिवस डोकं चालत नाहीये.

आकड्यांचं वितरण घंटाकृती आहे का यासाठी शापिरो-विल्क चाचणी पाहिली, दोन गटांचे व्हेरियन्स (आकड्यांचा विखुरलेपणा) वेगळे असतील तर वेल्चची टी-टेस्ट, इथवर समजतं. पण आकडे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत की नाहीत हे कसं ठरवायचं? मॅन-व्हिटनी (घंटाकृती वितरण न मागणारी, क्रमांकांवर चालणारी चाचणी) लावली तर ही अट टळते का? आणि पी मोठा आला, तर ‘गंधकाचा उपयोग नाही’ असं लिहायचं का? पुढच्या आठवड्यात गाईड सरांना दाखवायचं आहे.

प्रतिसाद

ताईंचं बरोबर आहे. चिठ्ठी वाफ्याची निघाली, झाडाची नाही. एका वाफ्यातली दहा झाडं एकाच मातीत, एकाच ओलीवर वाढली, त्यामुळे ती एकमेकांसारखी असणारच. स्वातंत्र्य आकड्यांकडे बघून नाही, प्रयोग कसा मांडला त्यावरून ठरतं. संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्राच्या शेती-प्रयोगांत यदृच्छ वाटपाचा (चिठ्ठ्या टाकून वाटणी) आग्रह धरला तो यासाठीच.

डिग्री ऑफ फ्रीडम (स्वतंत्र आकडे वजा गटांची संख्या) ११८ नाही, १०. पी ०.०५च्या खाली यायला लागणारा टीचा उंबरठा १.९८ वरून २.२३ वर जातो, पण तेवढ्याने पी इतका हलत नाही. १२० धरल्यावर स्टँडर्ड एरर (सरासरीतल्या फरकाची अनिश्चितता) खोटा लहान दिसतो, खरी गोम तिथे आहे. मॅन-व्हिटनीलाही स्वतंत्र आकडेच लागतात.

‘उपयोग नाही’ असं मुळीच लिहू नका. ६ वाफ्यांत मध्यम फरक सहज निसटतो. सरासरीतला फरक आणि त्याच्या ९५ टक्के विश्वासमर्यादा (खरा फरक साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो) द्या. दहा-दहा झाडं मोजलीत ते वाया गेलेलं नाही, त्याने प्रत्येक वाफ्याची सरासरी पक्की झाली.

शेताला उतार होता का? शेजारच्या दोन-दोन वाफ्यांच्या जोड्या लावून चिठ्ठ्या टाकल्या असतील तर पेअर्ड टी-टेस्ट (प्रत्येक जोडीतला फरक घेऊन केलेली) लावावी लागेल. तेवढं सांगा, मग पुढचं बघू.