मदत हवी आहे: किकस्टार्टरवरच्या गेम कन्सोलमध्ये दादाचे २३ हजार घालावेत का? (६ दिवस उरलेत)

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, विभाग चुकला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

थोडं मागचं सांगते, नाहीतर प्रश्न कळणार नाही. आम्ही शुक्रवार पेठेत वाड्यात राहायचो. १९९६ साली दहावीच्या सुट्टीत दादाने एका छापखान्यात पुस्तकांचे फर्मे (छापलेले मोठे कागद) दुमडायचं काम केलं आणि त्या पैशातून तपकीर गल्लीतून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. तोच, ज्यात पिवळी कॅसेट वरून दाबून बसवायची आणि नाही चालली तर काढून फुंकर मारून परत लावायची. अख्ख्या वाड्यातली पोरं आमच्याकडे. दादाचा नियम होता, एक लाइफ गेली की रिमोट पुढच्याच्या हातात, मग तो स्वतः का असेना. मी सात वर्षांची होते, मला तो आधी पहिल्या लेव्हलचा सोपा भाग खेळू द्यायचा आणि खड्डा आला की माझ्या बोटांवर बोट ठेवून उडी मारायचा. त्या कॅसेट अजून आहेत, अकरा आहेत, चितळ्यांच्या बाकरवडीच्या डब्यात कापसात गुंडाळून ठेवल्यात त्याने. सेट मात्र बरीच वर्षं बंद आहे.

आता दिवाळीत दादाकडे गेले होते (तो दिघीला असतो, भोसरी एमआयडीसीत टूलरूममध्ये डायमेकर आहे, म्हणजे पार्ट बनवायचे साचे तयार करतो) तर जेवण झाल्यावर त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. किकस्टार्टरवर (नवीन वस्तू बनवायला लोकांकडून आधी पैसे गोळा करायची साइट) एका छोट्या टीमने नवीन कन्सोल मांडलाय. त्यात म्हणे जुन्या ६० पिनांच्या कॅसेट थेट बसणार, एचडीएमआय केबलने आजच्या टीव्हीला लागणार आणि आत इम्युलेटरचं (जुन्या मशीनची नक्कल करणारं) सॉफ्टवेअर नसून एफपीजीए चिप आहे, म्हणजे त्या जुन्या मशीनचं सर्किटच चिपमध्ये नव्याने जोडलंय, त्यामुळे बटण दाबल्यावर अगदी पूर्वीसारखं लगेच उडी मारणार. दादा हे सांगत होता तेव्हा त्याचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. ४५ वर्षांचा माणूस, गेली दोन वर्षं घरचं आजारपण आणि ओव्हरटाइम यातच गेलीत त्याची, इतका आनंदात मी त्याला खूप दिवसांनी बघितला.

किंमत २१९ डॉलर, शिपिंग ३८ डॉलर वेगळं, कार्डाचा मार्कअप धरून साधारण २३ हजार होतात, कस्टमचं काय ते आल्यावर. मार्चमध्ये घरी पोचेल असं लिहिलंय. दादाच्या कार्डावर परदेशी व्यवहार चालू नाहीत म्हणून त्याने मला भरायला सांगितलंय, पैसे लगेच ट्रान्सफर पण करून टाकले. आणि मी अडकलेय. कारण तीन वर्षांपूर्वी त्याने अशाच एका प्रोजेक्टमध्ये सहा हजार घातले होते, एक छोटं मनगटी यंत्र होतं, ते आजतागायत आलेलं नाही, आधी महिन्याला ईमेल यायचे मग तेही थांबले. वहिनी काही बोलली नाही पण भांडी आवरताना मला हळूच म्हणाली, तूच बघ गं नीट, तुझं ऐकतो तो.

म्हणून गेले चार दिवस वाचत बसलेय. ओउया नावाच्या कन्सोलचं वाचलं. जुलै २०१२ मध्ये किकस्टार्टरवर साडेनऊ लाख डॉलर मागितले होते, ६३ हजारांवर लोकांनी मिळून जवळपास ८६ लाख डॉलर दिले, ९९ डॉलरचा अँड्रॉइडवर चालणारा कन्सोल. तो आला खरा २०१३ मध्ये, पण रिमोटच्या बटणांच्या तक्रारी झाल्या, गेम फार जमले नाहीत, २०१५ मध्ये रेझर या गेमिंगचं सामान बनवणाऱ्या कंपनीने तो व्यवसाय घेतला आणि २५ जून २०१९ ला सर्व्हर बंद झाले. म्हणजे वस्तू हातात येऊनसुद्धा संपली. दुसरीकडे झेडएक्स स्पेक्ट्रम नेक्स्ट, म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या स्पेक्ट्रम कॉम्प्युटरचा नवा अवतार, तोही एफपीजीएवरच आहे, २०१७ मध्ये सव्वासात लाख पौंडांच्या आसपास जमले, जानेवारी २०१८ ला देऊ म्हणाले आणि पहिल्या तुकडीची मशीन जायला लागली ती फेब्रुवारी २०२० मध्ये. दोन वर्षं उशीर, पण दिलं, आणि ज्यांना मिळालं ते खूश आहेत. आता आपला प्रोजेक्ट यातल्या कुठल्या वाटेने जाणार हे आधी ओळखायचं कसं, हाच माझा प्रश्न आहे.

प्रोजेक्टचं नाव देत नाही, उगाच जाहिरात किंवा बदनामी दोन्ही नको. पानावर काय आहे ते सांगते: चार मिनिटांचा व्हिडिओ, त्यात गेम चालताना दिसतो पण कॅमेरा कधी टीव्हीवर तर कधी बॉक्सवर, दोन्ही एकत्र एकदाच दिसतात. बोर्डाचे दोन फोटो, उघडलेल्या बॉडीचा एक फोटो. टीममध्ये चार जण, त्यातल्या एकाने आधी कॅसेटमधला डेटा वाचायचं छोटं यंत्र विकलेलं आहे आणि ते लोकांना मिळालंय. टार्गेट पूर्ण झालंय. ज्यांनी असे पैसे घातलेत त्यांनी कृपया अनुभव सांगा, बुडाले तर कार्डाच्या बँकेकडून परत मिळतात का तेही सांगा. दादाला नाही म्हणायचं असेल तर माझ्याकडे काहीतरी ठोस हवं, नुसतं भीती वाटते म्हणून त्याचा हिरमोड करवत नाही.

प्रतिसाद, सर्किटवाला:

ताई, आधी एक समजून घ्या, किकस्टार्टर हे दुकान नाही, त्यांनी स्वतःच २०१२ मध्ये तसं जाहीर लिहिलं होतं. तुम्ही वस्तू विकत घेत नाही, बनवायला पैसे देता. टार्गेट पूर्ण झालं असेल तर मुदत संपल्यावर पैसे कापले जातात, त्यातले ५ टक्के साइट घेते, पेमेंटची फी वेगळी कापली जाते, बाकी प्रोजेक्टवाल्यांना, पुढे वस्तू देणं त्यांच्यावर. बँकेकडे तक्रार करता येते पण त्याला मुदत असते आणि प्रोजेक्ट बुडालाय हे कळेपर्यंत ती बहुतेक वेळा निघून गेलेली असते. त्यामुळे तो आधार धरू नका.

कॅसेटवाल्या कन्सोलचं एक प्रकरण तुम्ही वाचलेलं दिसत नाही ते जरूर वाचा. रेट्रो व्हीजीएस म्हणून एक होता, अटारी जॅग्वार या जुन्या कन्सोलच्या बॉडीचे साचे विकत घेऊन त्यात नवीन कन्सोल बनवणार होते. २०१५ मध्ये इंडीगोगोवर (किकस्टार्टरसारखीच साइट) जवळपास २० लाख डॉलर मागितले, एक लाखही जमले नाहीत. मग कोलेको या जुन्या गेम-खेळण्यांच्या ब्रँडचं नाव घेऊन तो कोलेको कॅमेलिअन झाला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या टॉय फेअरमध्ये चालू मशीन मांडलं. लोकांनी मागच्या बाजूच्या सॉकेटचे फोटो बघितले आणि म्हणाले अरे हा तर आत सुपर निन्टेंडो (नव्वदीतला तयार कन्सोल) बसवलाय. नंतर पारदर्शक बॉडीचा फोटो टाकला तर आतला बोर्ड म्हणजे कॉम्प्युटरमध्ये लावायचं जुनं व्हिडिओ कॅप्चर कार्ड आहे हे लोकांनी शोधून काढलं. मार्चमध्ये कोलेकोने अंग काढून घेतलं, आणि सगळं तिथेच संपलं. हे सगळं पकडलं कोणी, तर तुमच्या दादासारख्याच जुन्या गेमवर जीव असलेल्या माणसांनी, फोटो झूम करकरून.

तुमच्या प्रोजेक्टवाल्यांना कमेंटमध्ये विचारा, एकच सलग शॉट टाका, बॉडी उघडी, कॅसेट हाताने लावली, पॉवर दिली, रिमोट दाबला आणि टीव्ही त्याच फ्रेममध्ये. खरं मशीन असेल तर दहा मिनिटांचं काम आहे. एफपीजीएवर हे करणं अशक्य वगैरे अजिबात नाही, जुन्या मशीनच्या सर्किटचे आराखडे, म्हणजे कोर, तयार असतात, आणि ज्याने आधी कॅसेट वाचायचं यंत्र लोकांना पोचवलंय तो माणूस टीममध्ये आहे ही चांगली गोष्ट आहे. मला इलेक्ट्रॉनिक्सची काळजी कमी वाटते.

प्रतिसाद, पेठेतली मुलगी:

मी दोनदा बोर्डगेम मागवलेत, दोन्ही आले, एक आठ महिने उशिरा. कुरिअरवाले केवायसी मागतात आणि ड्युटी, जीएसटी, शिवाय त्यांचे हाताळणीचे पैसे असं दारात भरायला लागतं, त्यासाठी हजार-दोन हजारांत भागेल असं धरू नका, बरेच जास्त बाजूला ठेवा. आणि कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमध्ये चालू करता येतात, दादांनाही येतील.

प्रतिसाद, चिंचवडकर:

वरचं सगळं बरोबर आहे पण मला एक कळत नाहीये, तुमचा दादा डायमेकर आहे ना? मग ही मंडळी बोर्डापेक्षा जिथे जास्त अडकतात ते प्लास्टिक त्याचंच काम आहे की. उघडलेल्या बॉडीचा फोटो आहे म्हणता, त्यालाच विचारा ती मोल्डमधून (साच्यातून) निघालेली आहे का. गिऱ्हाईक म्हणून नको, शॉपवर पार्ट तपासायला आलाय असं समजून बघायला सांगा.

मूळ लेखिका:

चिंचवडकर, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. हे मला सुचलंच नव्हतं आणि त्यालाही नाही.

काल रविवार होता, सकाळीच दिघीला गेले. सर्किटवाल्यांनी सांगितलेली कॅमेलिअनची गोष्ट त्याला सांगितली तर तो थोडा चिडला, म्हणाला सगळेच चोर नसतात. मी म्हटलं दादा, चोर आहेत असं मी म्हणतच नाहीये, तू फक्त हा फोटो बघ, ही बॉडी तुझ्या टेबलावर आली तर काय म्हणशील. त्याने चष्मा लावला. मोबाइलवर बोटांनी फोटो मोठा केला, मग उठून लॅपटॉप आणला आणि त्यावर बघितला. बराच वेळ काही बोलेना. मग मला जवळ बोलावलं आणि पेन्सिलच्या टोकाने दाखवायला लागला, हे बघ, स्क्रू बसतो तो उभा बॉस आहे ना, त्याच्यावर आडव्या बारीक रेघा दिसतायत, हे थर आहेत, थ्रीडी प्रिंटरचे. मोल्डचा पार्ट असता तर आतून पार्ट बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनचे गोल ठसे दिसले असते, कडेला साच्याचे दोन भाग मिळतात तिथली पार्टिंग लाइन दिसली असती. आणि या भिंती बघ, अगदी सरळ काटकोनात आहेत, ड्राफ्टच, म्हणजे सुटायला लागणारा थोडा उतारच, दिलेला नाही, असा पार्ट डायमधून सुटणारच नाही, ओढताना घासणार. म्हणजे डाय सोड, डायसाठी डिझाइनसुद्धा अजून झालेलं नाही.

मग त्याने कागदावर मांडलं. वरची बॉडी, खालची बॉडी, कॅसेटचं झाकण, दोन रिमोट सारखेच म्हणून त्यांचे दोन भाग, बटणं वेगळी. डिझाइन दुरुस्त करायचं, स्टील आणायचं, मशीनिंग, पॉलिश, पहिली ट्रायल, ट्रायलला सिंक मार्क (प्लास्टिकवर पडणारे खळगे) निघणारच, डाय परत टेबलावर, दुसरी ट्रायल. म्हणाला, आम्ही रात्रपाळी लावली तरी मार्चला माल घरी पोचत नाही गं. स्पेक्ट्रम नेक्स्टला दोन वर्षं उशीर झाला असं मी सांगितलं तर त्याला जराही आश्चर्य वाटलं नाही.

त्याने स्वतः प्रश्न लिहिला, इंग्रजी मी नीट करून दिलं: मोल्डची ऑर्डर दिलीय का, बॉडीला ड्राफ्ट किती अंश ठेवणार, पहिली ट्रायल कधी. सलग शॉटही मागितला. आज सकाळी उत्तर आलं आणि उत्तर सरळ आहे. त्यांनी लिहिलंय की बॉडी प्रिंट केलेलीच आहे, मोल्डची ऑर्डर प्रोजेक्टचे पैसे हातात आल्यावर देणार, ड्राफ्टवर कारखान्याशी बोलणं व्हायचंय. सोबत सलग शॉट टाकलाय, त्यात उघड्या बोर्डावर कॅसेट लावून गेम चालतोय, टीव्ही त्याच फ्रेममध्ये. दादाने तो चार वेळा बघितला. म्हणाला, माणसं खरी आहेत, तारीख खोटी आहे.

आम्ही दोघांनी मिळून ठरवलं की २३ हजार आत्ता घालायचे नाहीत. वस्तू न घेता एक डॉलर देता येतो आणि मग सगळे अपडेट येतात, तो माझ्या कार्डावरून दिला. दादाने सांगून ठेवलंय की मोल्डचा पहिला फोटो आला की रात्री कितीही वाजता फोन कर, मी इजेक्टरचे ठसे बघतो आणि मग बोलू. त्याचे पैसे परत पाठवलेत. वहिनीने मला पोहे खायला थांबवलं आणि तेव्हाच दादा माळ्यावरून जुना सेट काढून घेऊन आला.

आता त्याचाच प्रश्न आहे, सर्किटवाले किंवा कोणीही सांगा. मूळ अ‍ॅडाप्टर हरवलाय. सेटच्या मागे ९ व्होल्ट इतकंच लिहिलंय, पिनच्या मधोमध प्लस आहे की मायनस त्याची खूण पुसली गेलीय. आत ७८०५ लिहिलेला तीन पायांचा भाग आहे, त्याच्या मागे पत्रा लावलाय. उलटं दिलं तर जळेल का, आणि मीटर लावून आधी कुठून कुठे बघायचं? दादाकडे मीटर आहे, संध्याकाळी सात नंतर तो घरी असतो.