मदत हवी आहे: नॅनो ॲल्युमिना वितळलेल्या ॲल्युमिनियमच्या रसात मिसळतच नाही

नमस्कार मंडळी. एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी ए३५६ (ॲल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातू) मध्ये १ टक्का नॅनो ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइडची अतिसूक्ष्म पावडर) घालून स्टर कास्टिंग (रस ढवळत पावडर मिसळायची आणि मग साच्यात ओतायचं) करतोय. कोल्हापुरात ओळखीच्या फाउंड्रीत भट्टी मिळालीय. रस ७३० अंशांवर, ढवळणं ५०० आरपीएमने १० मिनिटं. पावडर आधी तापवून ओलावा घालवला, धातू कणांना धरावा म्हणून १ टक्का मॅग्नेशियमही टाकलं. तरी बरीचशी पावडर मळीबरोबर (रसावर तरंगणारा कचरा) वर येते; उरलेली एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली) गुठळ्या करून बसलेली दिसते. वेग वाढवला की भोवरा हवा ओढतो आणि कास्टिंगमध्ये छिद्रं पडतात.

पावडर ॲल्युमिनियम पावडरीसोबत बॉल मिलमध्ये दळून, फॉइलच्या पुड्या करून सोडली तर फरक पडेल का? कुणी स्वतः केलंय? आणि गुठळ्या फोडायला २० किलोहर्ट्झचा अल्ट्रासॉनिक प्रोब (कंपनं देणारी दांडी) वितळलेल्या धातूत चालवायला कुठे मिळेल? पुढच्या महिन्यात सबमिशन आहे, खरंच अडलोय.