दाते जुळले म्हणजे गिअरबॉक्स बसला असं नाही

बरेच जण म्हणतात की इनपुट शाफ्टचे (इंजिनाची ताकद गिअरबॉक्समध्ये नेणाऱ्या दांड्याचे) दाते जुळले की भंगारातला कुठलाही पाच गिअरचा बॉक्स डिझेल इंजिनाला चालतो. अर्धंच खरं. दाते दहाचे दहा असले तरी शाफ्टचा बाहेरचा व्यास वेगळा असू शकतो, व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावूनच घ्या. क्लच प्लेट आणि तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट इंजिनाच्या फ्लायव्हीलच्या (क्रँकच्या टोकावरच्या जड चाकाच्या) मापाची आणि क्लच प्लेटचा हब, म्हणजे मधला दातेरी भाग, गिअरबॉक्सच्या दात्यांचा, ही सांगड आधी घालायची.

खरी गोम अ‍ॅडॉप्टर प्लेटमध्ये, म्हणजे इंजिन आणि वेगळा गिअरबॉक्स जोडणाऱ्या मधल्या प्लेटमध्ये आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर ती कुणीही करून देईल, पण नुसती भोकं जुळवून भागत नाही. फ्लायव्हीलवर डायल गेज (काट्याचं मापक) बसवून क्रँक हाताने फिरवा आणि बेल हाऊसिंगच्या (क्लचवरच्या कवचाच्या) मधल्या भोकाचा रनआउट, म्हणजे फिरवताना काटा एकूण किती हलतो ते बघा, ०.१३ मिमीच्या आत हवा. जास्त असला की हबच्या स्प्रिंगा तुटतात, पुढचं बेअरिंग ओरडतं, टॉप गिअर उडतो, आणि शिव्या बिचाऱ्या गिअरबॉक्सला. केंद्र पक्कं झालं की डॉवेल (जागा पक्की धरणाऱ्या पिना) मारा, बोल्टच्या भरवशावर नको. अ‍ॅडॉप्टर प्लेटच्या जाडीएवढा शाफ्ट मागे सरकतो, तेव्हा त्याचं टोक पायलट बेअरिंगमध्ये (क्रँकच्या टोकातल्या छोट्या बेअरिंगमध्ये) पुरतं जातंय का तेही बघा.

पाचव्या गिअरचं म्हणाल तर ४.८८ चा डिफरन्शियल (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ४.८८ फेऱ्या), २.२ मीटर घेराचं टायर, इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांवर: सरळ टॉपला (इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने) ताशी ५४ किमी, ०.८५ च्या ओव्हरड्राइव्हला, म्हणजे शाफ्ट इंजिनापेक्षा जोरात फिरवणाऱ्या पाचव्याला, ६४. पुणे रस्त्याला फायदा आहे. ऊस भरून गगनबावड्याच्या घाटाकडे जायचं असेल तर मात्र पहिला गिअर किती खोल, म्हणजे किती ताकदीचा आहे ते आधी विचारा.