मदत हवी आहे: गोल्ड रेकॉर्ड अवॉर्ड खरा की नकली, कसं ओळखायचं?

मंडळी, इथे जुन्या एलपी जमवणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. ठाण्यात जांभळी नाक्याजवळ एका जुन्या सामानवाल्याकडे फ्रेम केलेला गोल्ड रेकॉर्ड अवॉर्ड आलाय. अमेरिकेत रेकॉर्डचा खप ठरावीक आकड्यापलीकडे गेला की कलाकाराला, मॅनेजरला, रेडिओ स्टेशनला भिंतीवर लावायला देतात, तो. एका ब्रिटिश रॉक बँडच्या १९७१च्या एलपीचा आहे. वाशीत मर्चंट नेव्हीतले कुणी गृहस्थ होते, त्यांचं घर रिकामं करताना मिळाला म्हणे. (या दुकानात होकायंत्रापासून ग्रामोफोनच्या कर्ण्यापर्यंत सगळं मर्चंट नेव्हीतूनच येतं.) २२ हजार सांगतोय, १८ला देईल असं वाटतं.

लाकडी फ्रेम, आत जाड विणीचं पांढरं कापड, त्यावर सोनेरी तबकडी आणि खाली धातूची पट्टी. पट्टीवर बँडचं नाव आणि ५ लाखांहून जास्त प्रती विकल्याबद्दल दिल्याचा इंग्रजी मजकूर. मला खटकलं ते वेगळंच. लेबलवर त्या बाजूची ४ गाणी छापलीत, पण मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघितलं तर तबकडीवर गाण्यांचे सरळ ६ पट्टे दिसतात. म्हणजे रेकॉर्डच दुसरी! दुकानदार म्हणतो, "होलोग्राम नाहीये ना, म्हणजे जुना, ओरिजिनल."

मागचा खाकी कागद काढून आत बघू का? आणि आमचं नौपाड्यातलं घर तळमजल्यावर, पावसाळ्यात भिंतींना ओल येते. कापडावर आत्ताच तपकिरी ठिपके आहेत. ते वाढतील का?

प्रतिसाद:
गाणी न जुळणं हा नकलीपणाचा पुरावा नाही. या तबकड्या वाजवायच्या नसतातच. कारखान्यात जी रेकॉर्ड किंवा स्टॅम्पर (रेकॉर्ड छापायचा धातूचा साचा) हाताशी असेल त्याला सोनेरी मुलामा द्यायचे आणि वर योग्य लेबल चिकटवायचे. भल्याभल्यांच्या खऱ्या अवॉर्डमध्ये दुसऱ्याच कुणाची रेकॉर्ड निघालीय.

होलोग्रामचं दुकानदार अर्धं खरं बोलतोय. आरआयएएने (अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना, हे अवॉर्ड तीच ठरवते) तो १९८५च्या सुमारास आणला, त्यामुळे त्याआधीच्या अवॉर्डवर नसणारच. पण नकली बनवणाराही होलोग्राम लावत नाहीच की!

खरी गोम पट्टीवरच्या मजकुरात आहे. १९५८ला आरआयएएने गोल्ड सुरू केलं तेव्हा एलपीसाठी अट प्रतींची नव्हती, १० लाख डॉलरच्या विक्रीची होती. ५ लाख प्रतींची अट १९७५च्या आसपास आली आणि प्लॅटिनम (गोल्डच्या वरचा दर्जा) त्यानंतर, १९७६ला. पांढऱ्या कापडाची फ्रेम ही डॉलरवाल्या काळातली. त्या पट्ट्यांवर "१० लाख डॉलरहून अधिक किमतीच्या विक्रीबद्दल" अशा अर्थाचा मजकूर असतो. कापड आधीचं आणि आकडा नंतरचा, हे सहसा जुळत नाही. मी तरी १८ हजार देणार नाही.

कागद अजिबात फाडू नका. फ्रेम करणाऱ्याचं लेबल, जुने खिळे, कागदाचा उडालेला रंग, सगळा पुरावा मागेच असतो. हेरिटेज, जुलियन्स या लिलाववाल्यांच्या साइटवर विकल्या गेलेल्या अवॉर्डचे मोठे फोटो बघायला मिळतात. त्यातल्या पट्टीच्या अक्षरांशी ताडून बघा.

प्रतिसाद:
ओलीबद्दल: बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, आतल्या भिंतीवर लावा आणि मागच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, हवा खेळती राहते. ठिपके बुरशीचे असावेत, पावसाळ्यात वाढतील. आणि सोनेरी भागाला ब्रासो लावायचा मोह आवरा, मुलामा निघून येईल.

धागाकर्ता:
खूप आभार. पट्टीचा मजकूर काल परत जाऊन नीट वाचला, डॉलरचा उल्लेख कुठेही नाही. मागच्या बाजूचे फोटो काढू का विचारलं तर भाव एकदम ११ हजारांवर आला! मागे लेबल नाही, कागद खाकीच पण कोरा करकरीत, आणि खिळ्यांऐवजी स्टेपलरच्या पिना. नुसती शोभेची वस्तू म्हणून दीड-दोन हजारांत मागितला तर चालेल ना, की दुकानदार हाकलून देईल?